पारख : घोड्याच्या दांतांपासून मोटारीच्या नंबरापर्यंत

जुनी मोटार विकत घेण्यापूर्वीं ती एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्यावी, ही चाल मोटारीबरोबरच विलायतेहून आपल्याकडे आली असा पुष्कळांचा समज आहे. हा समज बरोबर नाहीं. मोटार नवी असली तरी प्रश्न जुना आहे. विकणाराला मालाचे दोष ठाऊक असतात, घेणाराला नसतात. आणि दोघांच्या मध्यें जो दलाल उभा असतो त्याला दोषाशीं कर्तव्य नसतें, सौदा पुरा होण्याशीं असतें. आज दोन बैठकींच्या वेगवान स्पोर्ट्स मोटारीला जी ऐट, जी किंमत आणि जो धोका आहे, तो एके काळीं जातिवंत घोड्याला होता. तेव्हां या मोटारीच्या तपासणीचा इतिहास पाहावयाचा तर तो तबेल्यापासून पाहावा लागतो.

नाशिक जिल्ह्यांतील येवलें पैठणीकरितां सर्वतोमुखीं आहे. परंतु तेथें घोड्यांचाही आठवडेबाजार भरतो हें जिल्ह्याबाहेर थोड्यांनाच ठाऊक असतें. तापीकाठीं सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास भरणारी यात्रा आणि नांदेडकडील माळेगांवची खंडोबाची यात्रा याही घोड्यांच्या खरेदीविक्रीकरितां प्रसिद्ध आहेत. अशा बाजारांत मुरलेलें गिऱ्हाईक पहिल्यानें किंमत विचारीत नाहीं. तें घोड्याच्या पुढच्या पायांवरून हात फिरवतें, खूर उचलून पाहतें, ओठ वर करून दांत पाहतें, आणि घोडा कठीण जमिनीवर दुडक्या चालीनें पळवून दाखवावयास सांगतें. किंमतीची बोलणीं मागाहून होतात, आणि जनावरांच्या बाजारांत तीं पुष्कळदां रुमालाखालीं बोटें दाबून होतात, म्हणजे भोंवतालच्या लोकांस आंकडा कळूं नये.

या तपासणीला आपल्याकडे कायद्याचा आधारही फार जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत व्यवहाराच्या प्रकरणांत खरेदी केलेल्या वस्तूच्या परीक्षेकरितां मुदती सांगितल्या आहेत : लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझें वाहणाऱ्या जनावराला पांच, रत्नांना सात, बियाण्याला दहा. त्याच यादींत दासदासींच्या परीक्षेचीही मुदत आहे. माणूसही त्या काळीं बाजारांत उभा केला जात असे हें विसरून चालणार नाहीं. घोड्याचा निराळा उल्लेख नाहीं, तो वाहणाऱ्या जनावरांतच धरावा लागतो. मुदतींचें प्रमाण मात्र मार्मिक आहे. लोखंडाचा दोष ठोकतांच कळतो. जनावर कामाला जुंपून चार दिवस पाहावें लागतें. बीं पेरून उगवेपर्यंत धीर धरावा लागतो.

नारदस्मृति याहून बारकाईनें बोलते. तिच्या मतें घेणारानें माल आधीं स्वतः गुणदोष पाहून पारखावा, आणि पारखून पसंत केलेला माल मग विकणाराच्या गळ्यांत परत बांधतां येणार नाहीं. घेतल्यावर पस्तावा झाला तर त्याच दिवशीं माल जसाच्या तसा परत करावा. दुसऱ्या दिवशीं परत केल्यास किंमतीचा तिसावा हिस्सा बुडेल, तिसऱ्या दिवशीं त्याच्या दुप्पट, आणि त्यानंतर माल घेणाराचा. उलट, निर्दोष वस्तु दाखवून सदोष हातीं देणाऱ्या विक्रेत्याला दुप्पट किंमत आणि तितकाच दंड. विक्रेत्याच्या लबाडीला शिक्षा आणि गिऱ्हाइकाच्या आळसाला तोटा, अशी ही विभागणी आहे.

याज्ञवल्क्यावरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत, सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत लिहिली, आणि इंग्रजी अमलांतही महाराष्ट्राच्या न्यायालयांत हिंदु कायद्याचा मुख्य आधार तीच राहिली. याच विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर यानें ११२९ च्या सुमारास मानसोल्लास नांवाचा प्रचंड ग्रंथ रचला. त्यांत घोड्यांच्या जाती, देशपरत्वें त्यांचे गुण, रंग, अंगावरचे भोंवरे आणि घोड्यावर बसून चेंडू खेळण्याचा राजविनोद यांची वर्णनें आहेत. एकाच राजकुळाच्या आश्रयानें एकीकडे पारखीचा कायदा आणि दुसरीकडे पारखीची विद्या लिहिली जावी, हा योगायोग मौजेचा खरा.

भोंवऱ्यांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. केसांचा भोंवरा अमुक जागीं असला तर घोडा धन्याला भाग्य देतो, तमुक जागीं असला तर घात करतो, ही समजूत आजच्या बाजारांतही जिवंत आहे. देवमण असला कीं भाव चढतो. चारी पाय आणि तोंड पांढरें असलें कीं घोडा पंचकल्याणी. घोडा लंगडेल कीं धांवेल याच्याशीं या खुणांचा कांहींएक संबंध नाहीं. तरीही त्यांची किंमत पडते, कारण पुढचा गिऱ्हाईकही त्या पाहणार असतो. आज मोटारीच्या पाटीवरील आवडत्या नंबराकरितां जे जादा पैसे मोजले जातात त्यांची जात हीच.

दक्षिणेंत चांगला घोडा पैदा होणें कठीण, म्हणून तो समुद्रावरून येई. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनें लिहून ठेवलें आहे कीं, ठाण्याच्या राजाचा समुद्रांतील चांच्यांशीं करार होता : लुटींतील घोडे तेवढे राजाचे, बाकीचा माल चांच्यांचा. पुढें पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें घेतल्यावर अरबस्तान व इराणकडील घोडे आपल्याच बंदरांत उतरावे अशी सक्ती केली, आणि त्यांच्या जकातीवर गोव्याची तिजोरी भरूं लागली. ज्या मालावर राजे चांच्यांशीं भागीदारी करतात, त्या मालांत फसवणुकीला तोटा नसणार हें उघड आहे.

या फसवणुकीवर पहिला कडक इलाज ज्यानें केला त्याचें नांव महाराष्ट्राला प्रिय नाहीं. १२९६ मध्यें देवगिरी लुटणारा अल्लाउद्दीन खिलजी दिल्लीच्या तख्तावर बसल्यावर त्यानें घोड्यांचे भाव बांधून दिले. बरनीच्या इतिहासांत ते नमूद आहेत : पहिल्या प्रतीचा घोडा १०० ते १२० टंक, दुसऱ्या प्रतीचा ८० ते ९०, तिसऱ्या प्रतीचा ६५ ते ७०. भाव फुगवणाऱ्या घोड्यांच्या दलालांना त्यानें कडक शिक्षा केल्या. परंतु भावापेक्षां महत्त्वाची गोष्ट दुसरी. सरकारी फौजेंतील प्रत्येक घोड्याला त्यानें डाग देण्याची, म्हणजे तापल्या लोखंडानें खूण करण्याची, रीत घातली, आणि स्वाराचें वर्णन दप्तरांत लिहून ठेवण्याची. कारण असें कीं, हजिरीच्या वेळीं एकच चांगला घोडा दोनदां दाखवावा, किंवा चांगला विकून त्याच्या जागीं तट्टू उभें करावें, हा शिपाईगिरीचा नित्याचा खेळ होता. अकबरानें हीच पद्धति पुन्हा चालू केली. मोटारीच्या चेसिसवर ठोकलेला नंबर आणि तिचें नोंदणीपुस्तक ही जोडी पाहिली म्हणजे डाग आणि दप्तर यांची आठवण होते.

मराठ्यांच्या फौजेंत बारगीर आणि शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदाराचें सारें भांडवल त्या चार पायांत असे. घोडा वाईट निघाला तर त्याची नुसती रक्कम जात नसे, चाकरी जात असे आणि प्रसंगीं प्राणही जात. भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडी तट्टांचा लौकिक अशाच कसोटीवर उतरून झालेला आहे. घोड्याचा वैद्य तो साळोत्री. या शब्दांत शालिहोत्र या अश्वशास्त्रकाराचें नांव अजून टिकून आहे.

आतां दांतांकडे वळावयास हरकत नाहीं, कारण घोड्याचें वय कळण्याचें तें एकच खात्रीचें साधन. घोड्याला समोर वर सहा आणि खालीं सहा असे कापणारे दांत असतात. दुधाचे दांत पडून कायमचे येण्याचा क्रम ठरलेला आहे : मधली जोडी सुमारें अडीच वर्षांनीं, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनीं, कोपऱ्याची साडेचार वर्षांनीं. पांचव्या वर्षीं तोंड भरतें. नव्या दांताच्या माथ्यावर एक काळसर खळगा असतो आणि चारा चावून तो झिजत जातो. खालच्या मधल्या जोडीवरचा सहाव्या वर्षाच्या सुमारास, शेजारचा सातव्या, कोपऱ्याचा आठव्या वर्षीं नाहींसा होतो. पुढें वरच्या कोपऱ्याच्या दांतावर हिरडीलगत एक उभी खांच दहाव्या वर्षाच्या आसपास दिसूं लागते. पंधराव्या वर्षीं ती अर्ध्या दांतापर्यंत आणि विसाव्या वर्षीं टोंकापर्यंत पोंचते. चारा, पाणी आणि जमीन यांप्रमाणें थोडाफार फरक पडतो, परंतु कामापुरतें गणित जुळतें.

जेथें गणित आहे तेथें आंकडे खोडणारेही आलेच. बारा वर्षांच्या घोड्याच्या झिजल्या दांतावर कोरणीनें नवा खळगा पाडावयाचा आणि तापल्या सळईनें तो काळा करावयाचा, म्हणजे घोडा सहा वर्षांचा झाला ! जाणता पारखी मात्र फसत नसे. खऱ्या खळग्याभोंवतीं दांताच्या कठीण कवचाचा शुभ्र कंगोरा असतो, खोट्याभोंवतीं तो नसतो. लंगडेपणा झांकण्याची युक्ति याहून क्रूर : एका पायानें लंगडणाऱ्या घोड्याच्या दुसऱ्या, चांगल्या पायाच्या नालेखालीं खडा बसवावयाचा. दोन्ही पाय सारखेच दुखूं लागले कीं चाल सरळ दिसते. सुस्त घोडा तेजस्वी दिसावा म्हणून त्याच्या शेपटीखालीं आलें घालीत. आणि आंखडलेला घोडा गिऱ्हाईक येण्यापूर्वीं अर्धा तास फिरवून आणीत, म्हणजे अंग मोकळें होऊन दोष लपे. म्हणून शहाणा पारखी घोडा उभा असलेल्या जागींच, थंड असतांना, पाहूं द्या असा आग्रह धरी.

इंग्रजी अमलांत या पारखीला पदवी आणि कागद मिळाले. लंडनला पशुवैद्यकाचें विद्यालय १७९१ मध्यें निघालें. मुंबईस परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आवारांत १८८६ मध्यें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. त्या काळीं आखातांतून येणारे अरबी घोडे भेंडीबाजाराजवळच्या तबेल्यांत बांधले जात आणि तेथून पलटणींत व शर्यतींत जात. घोडा निर्दोष असल्याचा पशुवैद्याचा दाखला घेऊन मगच पैसे मोजावे, ही रीत रुळली. साळोत्री बहुधा तबेल्याच्या पदरीं असे. पशुवैद्याची फी घेणारा देई. दाखल्याचें खरें मोल या एका फरकांत आहे.

पुढें १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यानें याच न्यायाला आजचें रूप दिलें. त्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणें व्यापाऱ्यानें विकलेला माल बाजारांत चालण्याजोगा असला पाहिजे, अशी अट सौद्यांत गृहीत धरली जाते. परंतु घेणारानें माल तपासला असेल, तर त्या तपासणींत जे दोष दिसावयास हवे होते त्यांबद्दल ही अट लागूं नाहीं. नारदाचा विचार येथें पुन्हा भेटतो. याचा अर्थ ध्यानांत घेण्याजोगा आहे. वरवर पाहून ‘पाहिली, पसंत आहे’ म्हणणारा गिऱ्हाईक न पाहणाऱ्यापेक्षांही अधिक अडचणींत येतो, कारण डोळ्यांपुढच्या दोषाबद्दल त्याचें तोंड बंद झालेलें असतें. शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्या गृहस्थाकडून मोटार घेतली तर तो व्यापारी नव्हे, म्हणून ही अट आणि ग्राहक-संरक्षणाचा कायदा या दोहोंचाही आधार फारसा उरत नाहीं.

मोटारी मुंबईंत एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस आल्या. १९१४, १९३९ आणि १९८८ असे मोटारींचे तीन कायदे एकामागून एक झाले. १९२८ मध्यें शिवडीस जनरल मोटर्सनें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला आणि १९४४ मध्यें वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर कंपनी स्थापन केली. स्वातंत्र्यानंतरच्या टंचाईच्या काळांत नव्या मोटारीसाठीं वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि जुनी फियाट प्रसंगीं नवीपेक्षां महाग जाई. मिळाली हेंच भाग्य वाटणाऱ्या गिऱ्हाइकाला पारखीचें सुचत नसे. ती विद्या तेवढीं वर्षें मिस्त्र्यांच्या हातांतच राहिली.

नाशिकला मोटारी परक्या नाहींत. येथें महिंद्रांचा मोटारींचा कारखाना आहे, डिझेल इंजिनाचे नोझल बनविणारा बॉशचा कारखाना आहे, आणि या परिसराच्या कच्च्या रस्त्यांवर रॅली ऑफ महाराष्ट्र ही मोटारींची शर्यतही झालेली आहे. तेव्हां स्पोर्ट्स मोटारीची हौस येथें निघावी यांत नवल नाहीं. आपल्या भागांत अशी मोटार बनविण्याचेही प्रयत्न झाले. गोव्यांत सॅन स्टॉर्म ही दोन बैठकींची उघडी मोटार १९९८ च्या सुमारास निघाली. तिचें अंग फायबरग्लासचें. लोहचुंबक लावून पत्र्याखालचें पुटीन शोधणाऱ्या मिस्त्र्याची नेहमींची युक्ति तिच्यापुढें निरुपयोगी ठरते. तेथें तडे आणि जोड डोळ्यांनींच पाहावे लागतात.

स्पोर्ट्स मोटारीची तपासणी घरगुती मोटारीहून निराळी असण्याचें कारण तिच्या आयुष्यक्रमांत आहे. ती फार थोडी चालते, आणि चालते तेव्हां फार जोरानें. मीटरावर बारा वर्षांत पंधरा हजार किलोमीटर दिसले तर विक्रेता तें भूषण म्हणून सांगतो. वस्तुतः उभ्या मोटारीचें रबर वाळतें, तेलाच्या गळत्या सुरू होतात, टांकींतील पेट्रोल चिकट होतें आणि टायर एकाच जागीं दबून बसतात. टायरच्या बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३५१८ म्हणजे २०१८ चा पस्तिसावा आठवडा. टायरवरची नक्षी नव्यासारखी असली तरी रबर जुनें असूं शकतें, आणि तें कसाऱ्याच्या घाटांत, पहिल्या पावसांत कळावें यापरतें दुर्दैव नाहीं.

मीटर मागें फिरविणें म्हणजे दांत कोरणें. पूर्वीं तें चाकें फिरवून करीत, आतां यंत्र जोडून आंकडा बदलतात. परंतु झीज खोटें बोलत नाहीं : पेडलचें रबर, सुकाणूवरचें चामडें, चालकाच्या बैठकीची दाराकडची कडा. शिवाय आजच्या मोटारींत इंजिनाचा संगणक आपली निराळी वही राखतो. पोर्शेसारख्या मोटारींत इंजिन मर्यादेबाहेर किती वेळां फिरविलें गेलें याचीही नोंद राहते, आणि योग्य यंत्र असलेला तज्ज्ञ ती वाचतो. घोडा किती दौडविला हें साळोत्र्याला पायांवरून ताडावें लागे. येथें तें लिहिलेलें मिळतें. मात्र वाचणाराला बोलावलें पाहिजे.

थंड घोड्याचा नियम मोटारीलाही जसाच्या तसा लागूं आहे. पोंचतांच प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. तें गरम असेल तर इंजिन आधींच चालवून ठेवलें आहे, आणि पहिल्या फिरकीचा खडखडाट व निळा धूर ऐकण्यापाहण्याची संधि गेली. निळा धूर म्हणजे तेल जळतें. काळा म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जातें. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर हटत नसेल तर थंड करणारें पाणी आंत शिरत असावें. यापुढचें काम डोळ्याकानांचें नव्हे : प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणें, रंगाच्या थराची जाडी यंत्रानें पाहणें, मोटार उचलून तळ पाहणें. ठेंगणी मोटार आणि आपले गतिरोधक यांचें वैर प्रसिद्ध आहे. तिच्या तेलाच्या टांकीच्या तळाशीं ओरखडे असतातच, वेल्डिंग मात्र असूं नये. शर्यतींत वापरलेली मोटार असेल तर आंतला लोखंडी पिंजरा काढल्याचीं भोकें गालिच्याखालीं सांपडतात.

आणखी एक दोष मुंबई-नाशिकच्या गिऱ्हाइकाला विशेषेंकरून जपण्याजोगा. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईंत असंख्य मोटारी पाण्याखालीं गेल्या. नाशिकला गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. २००८, २०१६ आणि २०१९ मधील पुरांची आठवण काठावरच्या लोकांना आहे. बुडालेली मोटार धुवून, सुगंध फवारून दूरच्या गांवीं विकली जाते. अशा मोटारीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्याच्या आंतल्या टोंकावर चिखलाची रेघ राहून जाते. बैठकीखालच्या स्क्रूंवरचा गंज आणि जादा चाकाच्या खोबणींतील गाळ हेही साक्षीदार आहेत. विजेच्या तारांत शिरलेलें पाणी कित्येक महिन्यांनीं डोकें वर काढतें.

लोखंडाची तपासणी येथें संपते. कागदांची राहते, आणि फसवणूक अधिक तेथेंच असते. मोटारीवर कर्जाचा बोजा असेल तर तो नोंदणीपुस्तकांत लिहिलेला असतो. परराज्यांतली, विशेषतः कर वांचविण्यासाठीं पुदुच्चेरीस नोंदलेली मोटार मोहाच्या किंमतीला मिळते. परंतु बारा महिन्यांहून अधिक काळ ती येथें ठेवावयाची तर नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर हे दोन्ही घेणाराच्या माथीं येतात. २०२० च्या डिसेंबरांत मुंबई पोलिसांनीं देशी बनावटीच्या एका स्पोर्ट्स मोटारीबद्दल गुन्हा नोंदविला. एकाच इंजिन व चेसिस नंबरावर एकाहून अधिक ठिकाणीं नोंदणी झाल्याचा त्यांत आरोप होता. हा आरोप होय, निर्णय नव्हे. पण अल्लाउद्दीनानें ज्या खेळाकरितां डाग काढला तो खेळ अजून लोकांना सुचतो, एवढें यावरून दिसतें.

१९८८ च्या कायद्याच्या पन्नासाव्या कलमाप्रमाणें त्याच राज्यांतील विक्रीची खबर विकणारानें चौदा दिवसांत आणि घेणारानें तीस दिवसांत द्यावयाची असते. जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांनाही १ एप्रिल २०२३ पासून परवान्याची आणि नोंदींची शिस्त लावलेली आहे. हें पुरें झालें नाहीं तर विकणाराचीही सुटका नाहीं. २०१८ मध्यें नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, मोटार एकामागून एक कितीही हातांत गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीपुस्तकांत ज्याचें नांव आहे त्याच्यावरच राहते. म्हणून पेठ रोडवरच्या परिवहन कार्यालयांत जाण्यापूर्वींच जाणता तपासनीस चेसिसवरच्या नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनें त्याची छाप घेतो, ती नोंदणीपुस्तकाशीं आंकड्याला आंकडा लावून पाहतो, आणि नंबराभोंवतीं घासल्याच्या खुणा आहेत काय हें बॅटरी धरून बघतो. विसाराचे पैसे तोंवर घेणाराच्या खिशांतच असावे लागतात.